रस्ता, निवृत्तिवेतन आणि पुढच्या पिढीच्या नावावरची उधारी

5 नोव्हेंबर 2024 रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदासाठी मतदान झालं. त्याच दिवशी टेक्सासमधल्या डॅलस शहराच्या मतदारांपुढे शहराच्या सनदेतल्या एका दुरुस्तीचाही प्रश्न होता. शहराच्या महसुलात दरवर्षी जी वाढ होईल, तिच्यातला किमान निम्मा वाटा पोलीस व अग्निशमन दलाच्या निवृत्तिवेतन निधीसाठी, नव्या पोलिसांच्या पगारासाठी आणि पोलिसांची संख्या किमान 4,000 वर नेण्यासाठी राखून ठेवायचा, अशी ती दुरुस्ती होती. मतदारांनी तिला होकार दिला. ज्या दलात तेव्हा साडेतीन हजारही पोलीस नव्हते, त्या दलासाठी हा मोठाच कौल होता. उरलेल्या निम्म्या वाढीत रस्ते, दिवे, वाचनालयं, बागा आणि गटारं कशी सांभाळायची, याचं उत्तर मात्र त्या दुरुस्तीत नव्हतं.

म्हणूनच हा प्रश्न आता एखाद्या भांडणासारखा मांडला जातो. एका बाजूला खड्डे चुकवत कामावर जाणारा करदाता, दुसऱ्या बाजूला पेन्शन घेऊन घरी बसलेला पोलीस; शहराच्या तिजोरीत पैसा एकाच्याच पुरता आहे, तेव्हा कोणाला द्यायचा ते ठरवा, असा त्या भांडणाचा सूर असतो. ही मांडणीच मला अमान्य आहे. तुटलेला रस्ता आणि निधीतली तूट या दोन्हींचा जन्म एकाच सवयीतून झाला आहे. सेवा आज घ्यायची, तिची किंमत उद्यावर ढकलायची आणि तो उद्या उजाडेल तेव्हा कोणीतरी दुसरा खुर्चीत असेल अशी व्यवस्था करायची, ही ती सवय. पोलीस आणि रस्त्यावरून जाणारा नागरिक हे एकाच कर्जदाराचे दोन सावकार आहेत. त्यांनी एकमेकांशी झगडत बसावं, यात फायदा फक्त त्या कर्जदाराचा होतो.

डॅलसमधली तूट कशी तयार झाली ते नीट पाहायला हवं, कारण तिच्यात कोणी एक खलनायक सापडत नाही. शहर आपल्या पोलिसांच्या व अग्निशामकांच्या पगाराच्या 27.5 टक्के रक्कम निधीत भरत होतं. हा आकडा राज्याच्या कायद्याने ठरलेला होता. पुढे द्यायच्या निवृत्तिवेतनाला नेमके किती पैसे लागतील, या हिशेबाशी तो बांधलेला नव्हता. निवृत्तिवेतनाचे नियम ठरवत होतं निधीचं विश्वस्त मंडळ. त्याच्या बारा जागांपैकी चार शहराच्या लोकप्रतिनिधींकडे होत्या आणि आठ आजी-माजी पोलीस व अग्निशामकांकडे. म्हणजे पैसे भरणाऱ्याचा हप्ता ठरलेला, आणि देणं किती वाढवायचं ते ठरवणार ज्यांना ते मिळणार त्यांचं बहुमत. त्यातच गुंतवणुकीवर दरसाल 8.5 टक्के परतावा मिळेल असं कागदावर धरलं होतं. परतावा जितका जास्त धरावा तितकी आज भरायची रक्कम कमी दिसते. त्यामुळे तो आकडा मोठा राहण्यात शहराची सोय होती, मंडळाची सोय होती आणि सदस्यांचीही सोय होती. ज्या कराराने सगळेच खूष असतात, त्याचं बिल बहुधा तिथे हजर नसलेल्या माणसाच्या नावावर फाडलेलं असतं.

1990च्या दशकात त्यात आणखी एक योजना आली. निवृत्त होण्यास पात्र झालेल्या कर्मचाऱ्याने नोकरीत राहायचं, पगार घ्यायचा आणि त्याच वेळी त्याचं निवृत्तिवेतन त्याच्या नावच्या वेगळ्या खात्यात जमा होत राहायचं. या खात्यावर आठ ते दहा टक्क्यांची व्याजाची हमी होती. अनुभवी माणसं नोकरीत टिकून राहावीत हा हेतू चांगलाच होता. पण नऊ टक्क्यांनी वाढणारी रक्कम आठ वर्षांत दुप्पट होते. बाजार पडला तरी ही हमी पडत नव्हती. तो परतावा कुठून तरी आणायचा म्हणून निधी जोखमीच्या स्थावर मालमत्तेत उतरला. डॅलसच्या मध्यवस्तीत म्युझियम टॉवर नावाचा 42 मजली आलिशान निवासी मनोरा आहे, तो याच निधीच्या पैशातून उभा राहिला. त्याच्या काचांवरून परावर्तित होणारं ऊन शेजारच्या नॅशर शिल्पसंग्रहालयाच्या छतातून आत उतरून कलाकृती खराब करतं, यावरून शहरात मोठा वाद झाला. गस्तीवरच्या पोलिसाचं म्हातारपण श्रीमंतांच्या सदनिका विकल्या जाण्यावर अवलंबून असावं, हेच मुळात चुकीचं होतं.

2015 मध्ये मालमत्तांचं मूल्य खाली आणावं लागलं, अपेक्षित परतावा 7.25 टक्क्यांवर आला आणि खड्डा उघडा पडला. 2016 च्या उन्हाळ्यात खात्यांमधून रक्कम काढण्यावर मर्यादा येणार अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा एखाद्या बुडत्या बँकेसमोर रांग लागावी तसं झालं. ऑगस्टपासून काही महिन्यांत निधीतून 50 कोटी डॉलरहून अधिक रक्कम बाहेर गेली. जे आधी पोहोचले त्यांचे लाखो डॉलर हाती आले. जे रस्त्यावर कर्तव्य बजावत राहिले, ज्यांनी निधीवर विश्वास ठेवला, ते मागे राहिले. डिसेंबरात तेव्हाचे महापौर माइक रॉलिंग्ज न्यायालयात गेले आणि रकमा काढणं थांबवण्यात आलं.

त्याच वर्षीच्या 7 जुलैला डॅलसच्या मध्यवस्तीत एका शांततापूर्ण मोर्चाच्या बंदोबस्तावर असलेल्या पोलिसांवर गोळीबार झाला आणि पाच पोलीस मारले गेले. गोळ्यांचा आवाज आला तेव्हा मोर्चातले लोक मागे पळाले आणि पोलीस आवाजाच्या दिशेने धावले. शहराने त्यांच्यासाठी फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या, भाषणं केली. ती कृतज्ञता खरी होती. पण कृतज्ञता भाषणात व्यक्त करायला पैसे पडत नाहीत. ती अर्थसंकल्पात व्यक्त करायला पडतात, आणि तिथे हे शहर कित्येक वर्षं कमी पडत आलं होतं.

शेवटी 2017 मध्ये राज्याने कायदा केला. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे मिळणारा निवृत्तिवेतनाचा दर तीन टक्क्यांवरून अडीचवर आला. सगळी तीस वर्षं नव्या दराने मोजल्या जाणाऱ्या माणसाचा विचार केला, तर पगाराच्या 90 टक्क्यांऐवजी 75 टक्के, असा त्याचा अर्थ. निवृत्तीचं वय 58 झालं. कर्मचाऱ्याची वर्गणी 13.5 टक्क्यांवर गेली. शहराची वर्गणी 34.5 टक्के झाली, वर काही वर्षं दरसाल 1.3 कोटी डॉलर. खात्यांतली रक्कम एकरकमी देणं बंद होऊन आयुष्यभराच्या हप्त्यांत वाटली गेली. निधी 70 टक्के भरलेला दिसेपर्यंत दरवर्षीची महागाईवाढही थांबवण्यात आली. आणि एवढं करूनही, 2024 उजाडलं तेव्हा निधीत शंभर डॉलरच्या देण्यामागे चाळीस डॉलरही नव्हते.

महागाईवाढ थांबली याचा अर्थ आकड्यांच्या पलीकडे जाऊन समजून घ्यायला हवा. डॅलसचे पोलीस आणि अग्निशामक केंद्र सरकारच्या सोशल सिक्युरिटी योजनेत नाहीत. या नोकरीपुरतं म्हातारपणी त्यांना जे मिळतं ते याच निधीतून. जून 2022 मध्ये अमेरिकेतली महागाई 9.1 टक्क्यांवर पोहोचली, तेव्हा किराणा, औषधं, घराचा विमा, सगळं वाढलं. त्यांची रक्कम जिथल्या तिथे राहिली. काही वर्षांपूर्वी रुबाबात निवृत्त झालेल्या माणसाचं खरं उत्पन्न दरवर्षी थोडं थोडं झिजत गेलं. काम कसलं, हेही विसरता येत नाही. आगीशी झुंजण्याचा व्यवसाय कर्करोगाला निश्चित कारणीभूत ठरतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2022 मध्ये जाहीर केलं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने शिडी चढून धुरात शिरावं अशी अपेक्षा करता येत नाही. म्हणून लवकर निवृत्ती ही या पेशात चैन नाही, ती कामाचीच अट आहे. या लोकांनी फार मागितलं म्हणून शहर बुडालं, असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की मागणं मान्य करणाराही एक पक्ष होता आणि त्याने ते मान्य करताना पैसे बाजूला ठेवले नाहीत.

आता रस्त्यांकडे वळू. डॅलस ज्या पट्ट्यावर वसलं आहे त्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. ही काळी, चिकण, कापसाची माती. विदर्भ-मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला तिची ओळख करून द्यावी लागत नाही. उन्हाळ्यात तिला हात घालता येईल अशा भेगा पडतात, पावसात ती फुगून वर येते. अशा जमिनीवर रस्ता बांधायचा तर खालची माती चुना मिसळून स्थिर करावी लागते, पाण्याचा निचरा नीट ठेवावा लागतो आणि वरचा थर डोळ्यांत तेल घालून सांभाळावा लागतो. ते न केल्यास रस्ता वरून दुरुस्त दिसतो आणि खालून मरत असतो.

हे मरण कसं येतं ते एका गल्लीत उभं राहून पाहता येतं. आधी डांबराचा काळेपणा जाऊन त्यावर राखाडी छटा येते. बंध कोरडा पडल्याची ती खूण. मग करंगळीइतकी रुंद, लांबच लांब भेग. याच टप्प्यावर दोन माणसं आणि गरम डांबराची टाकी घेऊन आलेली एक गाडी दिवसभरात सगळी गल्ली बंद करू शकते. भेगा साफ करायच्या, डांबर ओतायचं, पुढे जायचं. ते झालं नाही तर पाणी भेगेतून खाली उतरतं, काळी माती फुगते, ऊन पडल्यावर आकसते आणि थराखाली पोकळी राहते. त्या पोकळीवरून दर आठवड्याला कचऱ्याची जड गाडी जाते. रस्त्याची हानी वजनाच्या सरळ प्रमाणात होत नाही. आसावरचा भार दुप्पट झाला तर हानी सुमारे सोळापट होते, हे अभियंत्यांना 1950च्या दशकाअखेरीस इलिनॉयमध्ये झालेल्या मोठ्या रस्ता-चाचणीपासून माहीत आहे. मग मगरीच्या पाठीसारखी जाळी उमटते आणि पुढच्या पावसात खड्डा पडतो. रस्ता आयुष्याचा पहिला तीनचतुर्थांश काळ संथपणे खालावतो आणि नंतरच्या थोड्याच वर्षांत कोसळतो. त्या कड्याच्या अलीकडे खर्च केला तर थोडक्यात भागतं; पलीकडे गेलं की खालच्या मातीपासून सगळं उकरावं लागतं आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

डॅलसकडे असे सुमारे 11,700 लेन-मैल रस्ते आहेत. शहराचं क्षेत्रफळ मुंबई महापालिकेच्या हद्दीपेक्षा मोठं आणि लोकसंख्या 13 लाख, म्हणजे मुंबईच्या सुमारे एक दशांश. माणशी रस्ता किती येतो आणि तो सांभाळायला माणशी पैसा किती लागतो, याचा अंदाज यावरून यावा. भेगा भरणारी गाडी रोजच्या अर्थसंकल्पातून चालते आणि तंगी आली की पहिली कात्री तिलाच लागते, कारण ती यंदा आली नाही तर यंदा कोणाचं काही अडत नाही. पुढे रस्ते कोसळले की मतदारांपुढे कर्जरोखे येतात. नोव्हेंबर 2017 मध्ये डॅलसने शंभर कोटी डॉलरहून अधिक कर्जरोखे मंजूर केले, त्यांतला निम्म्याहून थोडा अधिक वाटा रस्त्यांचा. मे 2024 मध्ये पुन्हा 125 कोटींचे, त्यांत रस्ते व वाहतुकीसाठी 50 कोटींहून अधिक. अशी कर्जं साधारण वीस वर्षं फेडायची असतात. पण डांबराचा नवा थर दहा-पंधरा वर्षं टिकला तरी भाग्य. थर उखडून गेल्यावरही त्याचे हप्ते चालू राहतात, आणि ते भरणाऱ्याला खाली पुन्हा खड्डाच दिसतो.

इथे या दोन्ही गोष्टींचं नातं उघड होतं. पोलिसाने आज एक वर्ष काम केलं, की त्याच्या निवृत्तिवेतनाचा एक वर्षाचा हिस्सा आजच देय झाला. रस्त्यावरून आज एक वर्ष वाहनं गेली, की त्या रस्त्याची एक वर्षाची झीज आजच झाली. दोन्ही आजच्या पिढीने वापरलेल्या सेवेच्या किमती आहेत. दोन्ही आज भरल्या नाहीत तरी कोणी दार ठोठावत नाही. आणि दोन्ही पुढे ढकलल्या की व्याजासकट वाढतात. एकीकडे न मिळालेल्या परताव्याच्या रूपाने, दुसरीकडे खाली उतरलेल्या पाण्याच्या रूपाने. अमेरिकेतल्या शहरांच्या हिशेबांचे मानदंड ठरवणाऱ्या मंडळाने हे ओळखलं आहे. 1999 मध्ये त्याने रस्ते-पुलांची झीज ताळेबंदात दाखवायला सांगितली आणि 2012 मध्ये निवृत्तिवेतनाची तूटही. पण ताळेबंदात दाखवणं वेगळं आणि अर्थसंकल्पात तरतूद करणं वेगळं. दाखवलेल्या तुटीइतके पैसे बाजूला काढलेच पाहिजेत, असं कोणताही मानदंड सांगत नाही.

राजकारण्यांच्या बाजूने एवढं म्हणायला हवं, की त्यांनी जे केलं ते मतदारांनी वारंवार उचलून धरलं. डॅलसचंच आणखी एक उदाहरण घ्या. पोलीस व अग्निशामकांच्या निरनिराळ्या हुद्द्यांच्या पगारांतलं टक्केवारीचं अंतर कायम राखायचं, अशा अर्थाचा प्रस्ताव 1979 मध्ये मतदारांनी संमत केला. पुढे शहराने ते अंतर पाळलं की नाही यावरून 1990च्या दशकापासून खटले चालले आणि 2018 मध्ये 17 कोटी डॉलरहून अधिक रक्कम देऊन ते मिटवावे लागले. ज्यांनी मत दिलं त्यांच्यातले किती जण ते बिल भरायला शहरात उरले असतील? वचन देणारे आणि ते फेडणारे वेगळे असले, की वचन स्वस्त होतं.

निवृत्तिवेतन कापा, हा यावरचा एक झटपट उपाय सांगितला जातो. ज्यांना तो योग्य वाटतो त्यांनी अलाबामातलं प्रिचर्ड पाहावं. तिथल्या निधीतले पैसे संपले आणि सप्टेंबर 2009 पासून शहराने सुमारे दीडशे निवृत्तांचे धनादेश थांबवले. ऱ्होड आयलंडमधलं सेंट्रल फॉल्स 2011 मध्ये दिवाळखोरीत गेलं, तेव्हा काही निवृत्तांचं वेतन निम्म्याहून खाली आलं. काम पूर्ण करून घेतल्यावर मजुरी नाकारणं याला काटकसर म्हणता येत नाही. शिवाय त्याची किंमत शहरालाही मोजावी लागते. वचन मोडणाऱ्या शहरात नवा माणूस भरती होत नाही आणि असलेला शेजारच्या गावी निघून जातो. डॅलसच्या पोलिसांना उपनगरांनी आपल्याकडे ओढलं, ते याच काळात.

दुसरा उपाय म्हणजे कर वाढवा. काही प्रमाणात तो अटळ आहे आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे. पण टेक्सासच्या 2019 च्या कायद्याने शहरांच्या मालमत्ता कराच्या वाढीला 3.5 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. त्याहून अधिक हवं असेल तर मतदारांकडे जावं लागतं. राज्यात आयकर नाही. म्हणजे हाती येणारी नवी वाढ मुळातच बेताची, आणि 2024 च्या सनददुरुस्तीने तिच्यातलीही निम्मी आधीच बाजूला काढली. ज्यांनी या दुरुस्तीला मत दिलं त्यांची पोलिसांविषयीची आस्था मला मान्य आहे. पण एका थकबाकीची भरपाई दुसरी थकबाकी वाढवून करायची, हा या दुरुस्तीचा परिणाम टळणार नाही. अग्निशमन दलाचा बंब ज्या रस्त्यावरून आगीकडे धावतो तो रस्ताही सुरक्षेचंच साधन आहे. कित्येक टनांचा बंब खचलेल्या गल्लीत वेग कमी करतो, तेव्हा वाया जाणारा वेळ जळत्या घरातल्या माणसाचा असतो.

शेअर बाजार पुन्हा वर जाईल आणि सगळं जुळून येईल, असंही म्हणणारे आहेत. जाईलही. पण 8.5 टक्क्यांवर बांधलेली आशा म्हणजे नफा झाला तर आमचा, तोटा झाला तर मुलांचा, असा व्यवहार होता. जोखीम कोणी घ्यायची हे ज्याने ठरवलं, ती त्याच्या अंगावर कधी पडलीच नाही.

वेगळं करता येतं, याचा पुरावा डॅलसच्या शेजारीच आहे. प्लेनो आणि फ्रिस्को ही उपनगरं टेक्सासच्या नगरपालिकांच्या सामाईक निवृत्तिवेतन व्यवस्थेत आहेत. तिथे कर्मचारी पगाराचा ठरावीक हिस्सा भरतो, शहर ठरल्या पटीत त्यात भर घालतं, आणि विमागणितज्ञाने दरवर्षी काढलेली पूर्ण रक्कम शहराने त्याच वर्षी भरायची असते. त्यात सूट नाही. म्हणूनच ती व्यवस्था एकूणात बरीच भरलेली आहे आणि वर्तमानपत्रात तिच्या बातम्या येत नाहीत. विस्कॉन्सिन राज्याच्या व्यवस्थेने आणखी एक धडा घालून दिला आहे. तिथे चांगल्या वर्षांत निवृत्तांना वाढ मिळते आणि वाईट वर्षांत आधी दिलेली वाढ काही अंशी मागे घेतली जाते. 2008 च्या पडझडीनंतर सलग पाच वर्षं ती मागे घेतली गेली. निवृत्तांना ते कडू लागलंच. पण मूळ रकमेच्या खाली कोणी गेलं नाही आणि निधी बुडाला नाही.

याच उपनगरांत, प्लेनो-फ्रिस्को-अर्व्हिंगच्या पट्ट्यात, आज हजारो मराठी कुटुंबं राहतात. पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून संगणकाच्या नोकऱ्यांसाठी गेलेली ही माणसं. त्यांच्यातले अनेक जण रोज डॅलसच्या रस्त्यांवरून कामावर जातात, अपघात झाला तर डॅलसचीच रुग्णवाहिका येते, पण मालमत्ता कर आपापल्या उपनगराला भरतात. त्यांनी काही गैर केलेलं नाही. व्यवस्थाच तशी आहे. मात्र दोन गोष्टी त्यांनी जाणून घ्याव्यात. ज्या महानगरामुळे त्यांची नोकरी आहे, त्याच्या थकबाकीकडे 'ते डॅलसचं आहे' म्हणून पाहता येणार नाही. आणि त्यांच्या गुळगुळीत रस्त्यांचं बिलही निघायचं आहे. फ्रिस्कोची लोकसंख्या 2000 मध्ये 34 हजारांच्या आत होती, 2020 मध्ये दोन लाखांवर गेली. वसाहतींतले रस्ते विकासकाने बांधून शहराला सुपूर्द केले, म्हणून ते फुकट मिळाल्यासारखे वाटतात. पण रस्त्याबरोबर त्याची कायमची देखभालही शहराच्या गळ्यात पडते. एकाच काळात, त्याच काळ्या मातीवर बांधलेले हे रस्ते एकाच काळात म्हातारे होतील. आजपासून दरवर्षी झिजेइतकी रक्कम बाजूला ठेवली नाही, तर वीस वर्षांनी फ्रिस्कोतही हेच भांडण उभं राहील.

मग करायचं काय? पहिलं, निवृत्तिवेतनाची वर्षाची पूर्ण किंमत त्या वर्षीच्याच अर्थसंकल्पात भरली गेली पाहिजे, आणि ती सावधपणे धरलेल्या परताव्यावर काढलेली असली पाहिजे. दुसरं, निवृत्तिवेतनात वाढ करणारा कोणताही करार मंजूर होण्यापूर्वी त्याची तीस वर्षांची किंमत मतदारांसमोर साध्या भाषेत मांडली जावी, आणि आधीच्या सेवेला ती वाढ लागू करायची असेल तर पैसे आधी, वाढ नंतर. तिसरं, महागाईवाढ निधीच्या प्रकृतीशी जोडावी; पण मूळ रकमेला कोणीही हात लावू नये. चौथं, रस्त्यांची वार्षिक झीज हा अर्थसंकल्पातला पहिल्या ओळीचा खर्च असावा, शिल्लक राहिलं तर करायचा नव्हे. पाचवं, कर्जाची मुदत त्या कर्जातून बांधलेल्या वस्तूच्या आयुष्याहून लांब नसावी. यातल्या एकाही नियमाने आज कोणाला टाळ्या मिळणार नाहीत. कर थोडे वाढतील, वचनं थोडी कमी होतील, फिती कापण्याचे समारंभ कमी होतील. पण प्रत्येक पिढी आपण वापरलेल्याचं मोल आपणच देईल.

आपल्याकडेही हा वाद परका नाही. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहरबानी नसून कर्मचाऱ्याने सेवेने कमावलेला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 च्या नाकरा खटल्याच्या निकालात सांगितलं. सुस्थितीतला रस्ता हा नागरिकाच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे, हे मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांसंबंधीच्या याचिकेत 2015 मध्ये सांगितलं. दोन्ही निकाल योग्य आहेत, आणि दोन्हींचा अर्थ पैशात उतरवायचं काम अर्थसंकल्प करणाऱ्यांवर आहे. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांना जुनी पेन्शन बंद झाली. मार्च 2023 मध्ये ती परत मिळावी म्हणून राज्यभर संप झाला. म्हातारपणाची खात्री मागणं न्याय्यच आहे. पण जुनी योजना बाजूला पैसे न ठेवता त्या-त्या वर्षाच्या करातून चालत होती, म्हणजे आजच्या शिक्षकाचं निवृत्तिवेतन उद्याच्या करदात्याच्या भरवशावर होतं. तिची हमी हवी असेल तर तिचा पैसाही आजच बाजूला काढला पाहिजे, असं संपकरी आणि सरकार या दोघांनीही म्हणायला हवं. पुणे महापालिकेत 2017 मध्ये अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावं आली; त्यांच्या रस्त्यांची पुढच्या तीस वर्षांची देखभाल कोणत्या पैशातून होणार, हा प्रश्नही याच जातीचा आहे.

निवडणुकीत उमेदवाराला आपण विचारतो, काय देणार? तो ते सांगतो, आणि आपण मत देतो. त्याला पुढचा प्रश्न विचारायला हवा: तुम्ही जे देणार त्याचे पैसे कोणत्या वर्षी, कोणाकडून घेणार? डॅलसमध्ये हा प्रश्न 1990च्या दशकात कोणी धरून ठेवला असता, तर आज पोलिसाच्या पेन्शनला आणि रस्त्याच्या डांबराला एकमेकांच्या समोर उभं करावं लागलं नसतं. ज्यांना अजून मताचा अधिकार नाही आणि जे अजून जन्मलेही नाहीत, त्यांच्या वतीने सभेत हात वर करणारा कोणी नसतो. त्यांच्या नावावर उधारी करायची नाही, हा नियम आपल्याला आपल्यालाच घालून घ्यावा लागेल, आणि तो पाळणाऱ्याला मत देण्याइतका धीरही दाखवावा लागेल.